धुळीची साक्ष

मराठी भाषेने धुळीला फारसा मान दिलेला नाही. पराभव झाला की धूळ चाखावी लागते, फसवणूक होते तेव्हा डोळ्यांत धूळ फेकली जाते आणि सर्वनाश झाला की सारे धुळीस मिळते. घरातील धूळ तर रोज सकाळी केरसुणीने उंबऱ्याबाहेर लोटावयाचीच वस्तू. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत या उपेक्षित धुळीला न्यायालयात साक्षीदाराचे स्थान मिळाले आहे. कोटाला चिकटलेला लोकरीचा तंतू, बुटाच्या टाचेत रुतलेली माती, नखाखालची भुकटी, काचेचा बारीक कण, मोटारीच्या रंगाचा पापुद्रा, एखादा केस, या साऱ्यांना गुन्हे-अन्वेषणात सूक्ष्म पुरावा म्हणतात.

हा साक्षीदार मोठा विलक्षण असतो. त्याला कोणी धमकावू शकत नाही. तो फितूर होत नाही आणि वर्षे लोटली तरी त्याची स्मृती अंधूक होत नाही. परंतु त्याला वाचा नसते. त्याच्या वतीने तज्ज्ञाला बोलावे लागते. त्या तज्ज्ञाने किती बोलावे आणि कोठे थांबावे, यावर अनेकदा गुन्हेगाराची शिक्षा आणि निरपराधाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. म्हणूनच या साक्षीदाराचे सामर्थ्य व त्याची मर्यादा, दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

एका हातरुमालाची कथा

१९०४ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराजवळ एका शेतात एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे प्रेत आढळले. तिच्याच गळपट्ट्याने तिचा गळा आवळण्यात आला होता. घटना कोणी पाहिलेली नव्हती. घटनास्थळी एक मळकट हातरुमाल मात्र पडलेला होता. तो फ्रँकफुर्ट येथील रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग पोप यांच्याकडे पाठविण्यात आला. रुमालाला लागलेल्या शेंबडात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरीचे कण, कोळशाची भुकटी, वाळूचे कण आणि हॉर्नब्लेंड नावाच्या खनिजाचे कण दिसले.

पोलिसांना ज्याचा संशय होता, तो मनुष्य काही काळ गॅसच्या कारखान्यात व काही काळ खडीच्या खाणीत काम करीत असे. त्याला तपकीर ओढण्याचीही सवय होती. त्याच्या नखांखाली कोळसा सापडला आणि हॉर्नब्लेंडसह इतर खनिजकणही सापडले. मृत स्त्रीच्या गळपट्ट्याच्या रंगांशी जुळणारे तंतूही तेथे होते. पोप यांनी नंतर त्याच्या विजारीच्या पायघोळ कडा तपासल्या. तेथे मातीचे दोन थर होते. कापडाला लागून असलेला आतला थर घटनास्थळाच्या मातीशी जुळत होता. त्यावरच्या थरात अभ्रकाचे चुरडलेले कण होते आणि ते घटनास्थळाहून त्याच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मातीशी जुळत होते. म्हणजे तो मनुष्य कोठे गेला होता, एवढेच त्या मातीने सांगितले नाही. आधी कोठे आणि नंतर कोठे, हा क्रमही तिने सांगितला. हा पुरावा समोर ठेवल्यावर त्याने गुन्हा कबूल केला.

लिआँचा पोटमाळा

अशा तुरळक यशांना शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांना जाते. १८७७ मध्ये जन्मलेल्या लोकार्ड यांनी वैद्यकशास्त्र आणि कायदा, दोन्हींचा अभ्यास केला होता. ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रॉस यांचा १८९३ सालचा गुन्हे-तपासावरील ग्रंथ त्यांना ज्ञात होता. शेरलॉक होम्सच्या कथाही ते आवडीने वाचीत आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही वाचावयास सांगत. १९१० मध्ये लिआँ शहराच्या न्यायालयाच्या इमारतीत पोटमाळ्यावरच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या. आरंभीची सामग्री म्हणजे एक सूक्ष्मदर्शक आणि एक साधा वर्णपटदर्शक. या दोन उपकरणांवर त्यांनी आपली पोलीस प्रयोगशाळा उभी केली.

दोन वस्तूंचा परस्परांना स्पर्श झाला की प्रत्येक वस्तू दुसरीला काही देते आणि दुसरीकडून काही घेते, हे त्यांच्या विचाराचे सार. तोच पुढे विनिमयाचा सिद्धांत म्हणून जगभर ओळखला गेला. या सिद्धांताचा अनुभव रोजच्या व्यवहारातही येतो. पिठाच्या गिरणीत क्षणभर उभे राहिलेल्या माणसाच्या भुवयांवर पीठ बसते. शाल पांघरून बसलेल्या आजींच्या मांडीवरून उठलेल्या नातवाच्या सदऱ्याला लोकर लागते. मुंबईच्या झवेरी बाजारात तर दुकानांसमोरची व गटारांतील माती गोळा करून, ती धुऊन, तीतून सोन्याचे कण वेगळे करणारी माणसे आहेत. कारागीर कितीही दक्ष असला तरी त्याच्या कपड्यांबरोबर आणि पायांबरोबर सोने बाहेर पडतेच, या अनुभवावर त्यांची उपजीविका चालते. लोकार्ड यांनी हीच गोष्ट गुन्हेगाराच्या बाबतीत पाहिली.

लिआँमध्ये त्या काळी नकली नाणी चलनात आली होती. काही संशयितांची नावे पोलिसांकडे होती, पण नाणी पाडण्याची जागा सापडत नव्हती. लोकार्ड यांनी त्या संशयितांचे कपडे मागविले. खिशांतील भुकटी चिमट्याने वेचली, बाह्या पांढऱ्या कागदावर झटकल्या आणि मिळालेले कण तपासले. त्यांत कथील, शिसे व अँटिमनी हे धातू होते आणि नकली नाणीही याच धातूंची होती. संशयितांना गुन्हा कबूल करावा लागला.

१९१२ सालचे प्रकरण अधिक गंभीर होते. मारी लातेल नावाच्या तरुणीचा गळा आवळून खून झाला होता. तिचा प्रियकर एमिल गुर्बँ हा बँकेतील कारकून. त्या रात्री उशिरापर्यंत तो मित्रांसमवेत पत्ते खेळत होता, असे त्याच्या मित्रांनी सांगितले आणि ते खोटे बोलत नव्हते. लोकार्ड यांनी प्रेताच्या गळ्यावरील खुणा पाहिल्या आणि मग गुर्बँच्या नखांखालचा मळ खरवडून काढला. त्यात त्वचेचे बारीक पापुद्रे होते. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते, कारण ते त्याच्या स्वतःच्या त्वचेचेही असू शकत होते. परंतु त्या पापुद्र्यांवर गुलाबी भुकटी होती. तांदळाचा स्टार्च, बिस्मथ, मॅग्नेशियम स्टिअरेट, झिंक ऑक्साइड आणि तांबड्या रंगाचे लोह ऑक्साइड, असे तिचे घटक निघाले. मारीच्या खोलीत चेहऱ्याला लावावयाची पावडर सापडली. ती लिआँमधील एका औषधविक्रेत्याने तिच्यासाठी तयार केलेली होती आणि तिचे घटक तंतोतंत हेच होते. अखेर गुर्बँने कबुली दिली. मित्रांची दिशाभूल करण्यासाठी त्याने भिंतीवरचे घड्याळ पुढे केले होते.

या प्रकरणातील एक बाब सहज नजरेआड होते. ती पावडर एका व्यक्तीसाठी बनविलेली होती, म्हणून तिच्या साक्षीला एवढे वजन आले. आज हजारो घरांत एकाच कारखान्याचा, एकाच घटकांचा डबा असतो. तीच भुकटी आज एखाद्याच्या नखाखाली सापडली तर तिचा अर्थ फार मर्यादित राहील. सूक्ष्म पुराव्याच्या बाबतीत दोन वस्तू जुळतात का, हा प्रश्नाचा अर्धाच भाग असतो. अशीच वस्तू आणखी किती जणांकडे असू शकेल, हा उरलेला अर्धा भाग.

हिरवट तंतूचा माग

हा उरलेला अर्धा भाग अमेरिकेतील अटलांटा शहरात ठळकपणे पुढे आला. १९७९ ते १९८१ या काळात तेथे वीसहून अधिक कृष्णवर्णीय मुले व तरुण मारले गेले. शहरातील मातापित्यांची झोप उडाली होती. अनेक प्रेतांवर आणि कपड्यांवर पिवळसर हिरव्या रंगाचे, गालिच्यात वापरतात तसे नायलॉनचे तंतू सापडत होते. त्यांच्यासोबत जांभळ्या रंगाचे दुसऱ्या प्रकारचे तंतूही असत. १९८१ च्या फेब्रुवारीत या तंतूंची बातमी वृत्तपत्रात छापून आली. त्यानंतर प्रेते नदीत, बहुतेक कपडे उतरविलेल्या अवस्थेत आढळू लागली. गुन्हेगारही वृत्तपत्र वाचीत असावा, असा अंदाज बांधून पोलिसांनी पुलांवर पहारे बसविले. २२ मे १९८१ च्या पहाटेपूर्वी चॅटाहूची नदीच्या पुलाखाली काही पडल्याचा मोठा आवाज झाला आणि पुलावरून जाणारी वेन विल्यम्स याची गाडी थांबविण्यात आली. दोन दिवसांनी नदीत एका तरुणाचे प्रेत सापडले. पाण्यात राहूनही त्याच्या केसांत तो हिरवट तंतू टिकून होता.

विल्यम्सच्या घरातील गालिचा त्याच रंगाचा होता. आता प्रश्न असा, की असे गालिचे आणखी किती घरांत असतील? तंतूचा आडवा छेद विचित्र होता. त्याला तीन पाळ्या होत्या, दोन लांब व एक आखूड. या आकारावरून तो तंतू बनविणारी कंपनी सापडली आणि तिच्या विक्रीच्या नोंदींवरून त्या काळातील गालिच्याचा उत्पादकही सापडला. त्या रंगाचा तसा गालिचा जेमतेम वर्षभर तयार झाला होता आणि दहा राज्यांत मिळून केवळ १६,३९७ चौरस यार्ड विकला गेला होता. प्रत्येक घरात एका खोलीपुरता गालिचा आणि सर्व राज्यांत सारखी विक्री, असे गृहीत धरून तज्ज्ञांनी हिशेब मांडला. त्यावरून त्या राज्याच्या वाट्याला अशा ८२ खोल्या आल्या. अटलांटा परिसरात सुमारे ६ लाख ३९ हजार घरे होती. म्हणजे साधारण ७,७९२ घरांत एक. त्याखेरीज मोटारीतील गालिच्याचे तंतू, घरातील कुत्र्याचे केस व इतर तंतूही जुळले. एका धाग्याला जे वजन नव्हते, ते अनेक धागे एकत्र आल्यावर आले. १९८२ च्या फेब्रुवारीत विल्यम्सला दोन प्रौढ व्यक्तींच्या खुनांबद्दल जन्मठेप झाली. बालकांच्या खुनांचा खटला त्याच्यावर कधीच चालला नाही आणि आपण निर्दोष आहोत, असे तो सतत सांगत आला आहे.

या हिशेबातील प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. त्यातील गृहीतके उघडपणे मांडलेली होती. त्यामुळे न्यायालयाला, बचावपक्षाला आणि पुढील काळातील अभ्यासकांनाही ती तपासता आली. जेथे असा हिशेब उघड केला जात नाही, तेथे काय घडते, हे पुढील उदाहरणावरून दिसते.

एका केसाचा अतिरेक

१९७८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात एका टॅक्सीचालकाचा खून झाला. जवळच एक मोज्याचा मुखवटा सापडला आणि त्यात तेरा केस होते. त्यांतील एक केस एका सतरा वर्षांच्या तरुणाच्या केसांशी सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाबतींत जुळतो, अशी साक्ष केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञाने दिली. तो केस अन्य कोणाचा असण्याची शक्यता एक कोटीत एक असेल, असे सरकारी वकिलाने पंचांपुढे सांगितले. या आकड्याला कोणताही आधार नव्हता. केसांचा रंग, जाडी, आतील कणांची रचना यांवरून काही व्यक्तींना वगळता येते, परंतु एका व्यक्तीवर बोट ठेवता येत नाही. १९८० मध्ये त्या तरुणाला शिक्षा झाली.

२०१२ मध्ये त्या केसांची डीएनए चाचणी झाली. तेरापैकी एकही केस त्याचा नव्हता. एक केस तर चक्क कुत्र्याचा होता. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले, पण तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षे कारागृहात गेली होती. अशा काही प्रकरणांनंतर जुन्या साक्षींचा फेरआढावा घेण्यात आला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, केसांची साक्ष आरोपीच्या विरोधात गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांची विधाने शास्त्राच्या मर्यादेपलीकडे गेलेली होती.

या सर्व प्रकरणांत केसांनी असत्य सांगितले नव्हते. केसाने जेवढे सांगितले, त्यापेक्षा अधिक त्याच्या तोंडी घातले गेले. ‘जुळते’ या शब्दाचा अर्थ ‘याचेच आहे’ असा लावण्यात आला. म्हणूनच उत्तम प्रयोगशाळांचे अहवाल संयत असतात. हा तंतू त्या साडीचा आहे, असे ते लिहीत नाहीत. हा तंतू त्या साडीच्या तंतूंपासून वेगळा ओळखता येत नाही, एवढेच लिहितात.

प्रयोगशाळेत काय होते

काचेचे उदाहरण घेतले तर ही तुलना समजते. खिडकीची काच फोडली की बहुतेक तुकडे आत जातात, पण काही बारीक कण उलट दिशेने, फोडणाऱ्याच्या अंगावर येतात. प्रयोगशाळेत असा कण विशिष्ट तेलात ठेवून तेल हळूहळू तापवितात. तेलात प्रकाश जेवढा वाकतो, तेवढाच तो काचेतही वाकू लागला की कणाची कड दिसेनाशी होते. हे ज्या तापमानाला घडते, त्यावरून काचेचा अपवर्तनांक कळतो आणि फुटलेल्या खिडकीच्या काचेशी तो ताडून पाहता येतो. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या रंगाचा पापुद्रा असेल तर त्याचे थर मोजतात. मूळ रंग, अस्तर, नंतर काढलेला दुसरा रंग, हा क्रम जेवढा वेगळा, तेवढी साक्ष बळकट. बंदूक झाडणाऱ्याच्या हातावर शिसे, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेले गोल कण बसू शकतात. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात.

तथापि कण सापडणे आणि तो गुन्ह्याच्या वेळीच आलेला असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बसच्या आसनावर एकाच्या शालीचा तंतू राहतो आणि तो तिसऱ्याच्या पाठीला लागून त्याच्या घरी जातो. उलटपक्षी, कपड्यावर आलेले तंतू चालण्या-बोलण्यात झपाट्याने गळतात आणि पहिल्या काही तासांतच बहुतेक नाहीसे होतात. म्हणून तंतू सापडला नाही, यावरून स्पर्शच झाला नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

पंचनामा आणि पंचशील

आपल्याकडे या साक्षीचा प्रवास घटनास्थळाच्या पंचनाम्यापासून सुरू होतो. पंचांच्या समक्ष वस्तू उचलणे, ती पाकिटात घालणे, लाखेची मोहोर लावणे, सह्या घेणे आणि मुद्देमालाच्या नोंदीत तिची नोंद करणे, या सर्व पायऱ्या काही वेळा निरर्थक औपचारिकता वाटतात. परंतु कोणत्या हातातून कोणत्या हातात ती वस्तू गेली, ही साखळी कोठे तुटली की सूक्ष्म पुराव्याचे मोल उरत नाही, कारण मधल्या काळात तो कण कोठून आला असेल, हे कोणालाच सांगता येत नाही. संशयिताचे आणि पीडिताचे कपडे एकाच पिशवीत ठेवले तर तंतूंची देवाणघेवाण तेथेच होईल. विशेष म्हणजे बारीक कण ठेवण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही औषधी दुकानातील पुडीसारखी घडी घातलेला स्वच्छ कागद वापरतात.

महाराष्ट्रात मुंबईतील कलिना तसेच नागपूर, पुणे, नाशिक आदी ठिकाणच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत हे परीक्षण चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल तेव्हा किती पुरावा पुरेसा मानावा, याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्याच्या निकालात केले. परिस्थितीजन्य पुराव्याचे पंचशील म्हणून ते प्रसिद्ध आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. सर्व बाबी आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. निर्दोषत्वाची प्रत्येक वाजवी शक्यता त्यांनी दूर सारलेली असावी. पुराव्यांची साखळी अखंड असावी. एखादा तंतू किंवा मातीचा कण या साखळीतील एक कडी होऊ शकतो. एकट्या कडीला साखळी मानण्याची चूक होऊ नये, हा या पंचशीलाचा आशय.

घरच्यांनी घ्यावयाची दक्षता

या शास्त्राचा सामान्य कुटुंबाशीही संबंध येतो. घरात चोरी झाली की शेजारीपाजारी जमतात, विस्कटलेले कपाट आवरले जाते, फुटलेली काच मुलांच्या पायाला लागू नये म्हणून झाडली जाते. हेतू चांगला असतो, पण पोलीस येईपर्यंत साक्षीदार कचऱ्याच्या डब्यात गेलेला असतो. घरात कोणी धोक्यात वा जखमी नाही, याची खात्री करून सर्वांनी बाहेर यावे, ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पोलीस येईपर्यंत दार, कडी, कपाट यांना हात लावू नये. कोणावर शारीरिक अत्याचार झाला असेल तर उपचार सर्वप्रथम. त्याचबरोबर वैद्यकीय तपासणी होईपर्यंत शक्यतो स्नान करू नये आणि अंगावरचे कपडे धुऊ नयेत. कपडे बदलावेच लागले तर ते न झटकता कोरड्या कागदी पिशव्यांत वेगवेगळे ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून बुरशी धरते आणि पुरावा नष्ट होतो.

दुसरी दक्षता मनाची आहे. एखाद्या प्रकरणात केस सापडला किंवा रक्ताचा डाग मिळाला अशी बातमी येताच घरोघरी निकाल लागतो आणि संशयिताच्या कुटुंबाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी त्याच दिवशी बदलते. त्या वेळी थोडे थांबून विचारावे, की ही वस्तू आणखी कोणाची असू शकेल, ती तेथे केव्हा व कशी आली असेल, आणि तिच्याशिवाय दुसरा पुरावा कोणता आहे? पोप आणि लोकार्ड यांनी सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून हेच प्रश्न विचारले होते. वॉशिंग्टनच्या न्यायालयात ते कोणी आग्रहाने विचारले नाहीत, आणि त्याची किंमत एका तरुणाने आयुष्यातील अठ्ठावीस वर्षांनी मोजली.